जुना रुपया किती चांदीचा? पाण्यात तोलून कस काढण्याची रीत

ब्रिटिश हिंदुस्थानच्या कलदार रुपयात चांदी किती, याचं कागदावरचं उत्तर सोपं आहे. १८३५ पासून १९३९ पर्यंत वजन १८० ग्रेन, म्हणजे ११.६६ ग्रॅम, म्हणजेच बरोबर एक तोळा. आणि बारा भागांत अकरा भाग चांदी, एक भाग हीण. १९४० ते १९४५ या युद्धकाळातल्या रुपयात चांदी निम्मीच, बाकी ४० टक्के तांबं, ५ टक्के निकेल आणि ५ टक्के जस्त. १९४७ चा, मागे वाघ असलेला रुपया शुद्ध निकेलचा. त्यात चांदी औषधालाही नाही.

अडचण अशी की नाण्यावरचं साल आणि नाण्याच्या पोटातला धातू यांचं जमतंच असं नाही. बाजारात राणीछाप म्हणून जर्मन सिल्व्हरवर (तांबं, निकेल आणि जस्ताचं मिश्रण, नावापुरतीच चांदी) चांदीचा मुलामा दिलेले तुकडे फिरतात. कसोटीवर घासलं तर नाण्यावर ओरखडा उठतो, आम्ल लावलं तर डाग राहतो. घनता मोजायला मात्र फक्त एक काटा आणि ग्लासभर पाणी लागतं, आणि नाणं जसं होतं तसंच परत डब्यात जातं. आर्किमिडीजची गोष्ट सगळ्यांना पाठ असते. पण सव्वा तोळ्याच्या आतल्या नाण्यावर ती करताना हात कुठे अडतो, ते पाहायला हवं.

एक गोष्ट आधीच पक्की करू. घनता हा एकच आकडा आहे. त्यातून एकच अज्ञात सुटतं. नाणं चांदी आणि तांबं या दोनच धातूंचं आहे असं धरलं, तर त्यांचं प्रमाण कळतं. तिसरा धातू शिरला की हिशेब कोलमडतो. त्यामुळे "हे नाणं कशाचं आहे?" असं विचारू नका. "हे ९१.७ टक्के चांदीचं आहे असं म्हणतात, ते शक्य आहे का?" असं विचारा. या प्रश्नाला घनता चोख उत्तर देते, विशेषतः उत्तर "नाही" असेल तेव्हा.

सामान

काटा ०.०१ ग्रॅमपर्यंत दाखवणारा हवा. स्वयंपाकघरातला एक ग्रॅमचा काटा इथे कुचकामी. खिशात मावणारे २०० ग्रॅम क्षमतेचे काटे रुपयासाठी पुरतात. सोन्याच्या नाण्यांसाठी किंवा पावली-चवलीसाठी (चार आणे, दोन आणे) ०.००१ ग्रॅमचा काटा लागेल. क्षमता बघून घ्या, कारण काट्यावर पाण्याने भरलेलं भांडं बसणार आहे. जाड काचेचा ग्लास एकटाच दीडशे ग्रॅम भरतो. हलका प्लास्टिकचा ग्लास घ्या, त्यात १०० ते १२० मिलिलिटर पाणी.

धागा तंगुसाचा, म्हणजे मासेमारीचा नायलॉनचा, जितका बारीक मिळेल तितका, ०.१५ मिलिमीटर जाडीचा उत्तम. सुती दोरा पाणी पितो आणि आकडा हळूहळू सरकत राहतो, तो नको. शिवाय थर्मामीटर, चित्रकलेचा मऊ ब्रश, भांडी घासायच्या लिक्विडचा एक थेंब आणि नाणं टांगायला काहीतरी: पुस्तकांच्या दोन चळती आणि त्यांवर आडवी टाकलेली पट्टी पुरे. चळती टेबलावर, काट्याच्या दोन्ही बाजूंना. पट्टीचा किंवा धाग्याचा काट्याला कुठेही स्पर्श नको.

पाणी उकळून, झाकून, खोलीच्या तापमानाला आलेलं वापरा. कारण शुद्धता नव्हे, हवा. नळाच्या पाण्यात विरघळलेली हवा पाणी कोमट होताना बारीक बुडबुडे बनून नाण्याला चिकटते. उकळल्यावर ती निघून जाते. क्षारांची चिंता करू नका. बोअरचं जड पाणी घेतलं तरी घनतेत हजारात एकाहून कमी फरक पडतो, आणि आपला काटा तितका बारीक पाहतच नाही.

नाण्याची तयारी

आधी चुंबक लावा. चिकटलं तर चांदीचा प्रश्नच मिटला: निकेल किंवा लोखंड. १९४७ चा रुपया इथेच बाजूला होतो.

मग वजन आणि व्यास. ११.६६ ग्रॅमचा रुपया वापरून झिजतो, त्यामुळे व्हिक्टोरियाचा रुपया ११.४ किंवा ११.५ भरला तर नवल नाही. झिजेमुळे वजन घटतं, घनता घटत नाही, हे लक्षात असू द्या. पण व्यास साडेतीस मिलिमीटर, जाडी नेहमीची, ठसा ठसठशीत आणि वजन मात्र ९.८ ग्रॅम, असं असेल तर पाण्यात बुडवायचीही गरज नाही. इतक्याच आकाराचं जर्मन सिल्व्हरचं नाणं साधारण तेवढंच भरतं.

साबणाच्या कोमट पाण्यात धुवा, स्वच्छ पाण्याने खळखळून घ्या, मऊ कापडाने टिपा. घासू नका. चिंच, लिंबू, पितांबरी यांतलं काहीही जुन्या नाण्याला लावू नका. चकाकी येते आणि संग्राहकाच्या दृष्टीने नाण्याची किंमत त्याच मिनिटाला पडते. तेलकटपणा मात्र गेलाच पाहिजे, कारण तेलकट पृष्ठभागावर बुडबुडे घट्ट बसतात.

नाण्याला कडी लावलेली असेल, डाख दिलेला असेल, मागे लाख भरलेली असेल, तर थांबा. पुतळ्यांच्या (सोन्याच्या नाण्यांच्या) माळेतलं किंवा जुन्या हारातलं नाणं बहुधा असंच असतं. डाखाचा धातू वेगळा, लाख तर पाण्याहून थोडीच जड. अशा नाण्याची घनता म्हणजे सगळ्यांची खिचडी.

मोजणी

१. काटा सपाट, घट्ट टेबलावर ठेवा. पंखा बंद. काटा सुरू करून पाच मिनिटं तसाच राहू द्या. कोरडं नाणं तीनदा तोला. तिन्ही आकडे ०.०१ च्या आत जुळले पाहिजेत. हे झालं हवेतलं वजन.

२. नाण्याला तंगूस बांधा. गोल वस्तूवरून साधी गाठ निसटते, म्हणून पुडक्याला दोरा बांधतात तशी काटकोनात चौकट घाला आणि वर एकच धागा सोडा. नाणं पाण्यात उभं लोंबेल अशी गाठ कडेवर घ्या. आडवं राहिलं तर खालच्या बाजूला हवेचा कप्पा अडकतो आणि तो दिसतही नाही.

३. ग्लासात पाणी, त्यात लिक्विडचा थेंब, फेस न होऊ देता ढवळा. ग्लास काट्यावर ठेवा. नाणं आधी एकदा वेगळ्या वाटीतल्या त्याच पाण्यात बुडवून ब्रशने दोन्ही बाजू आणि कड पुसून घ्या, म्हणजे बुडबुडे तिथेच सुटतात. मग उचलून जास्तीचं पाणी झटका.

४. आता टेअर दाबून काटा शून्यावर आणा आणि लगेच ग्लासाशेजारी ताटलीवर एखादी छोटी वस्तू ठेवा, पाचेक ग्रॅमची: एखादं चालू नाणं चालेल. आकडा टिपून ठेवा. हे उगाच नाही. स्वस्त काट्यांना शून्य धरून ठेवायची खोड असते: शून्याजवळ हळूहळू वाढणारं वजन ते "सरक" समजून गिळून टाकतात. नाणं सावकाश पाण्यात सोडलं की एक-दोन शतांश असेच गायब होतात आणि घनता विनाकारण जास्त येते. शून्यापासून दूर राहिलं की ही खोड आड येत नाही.

५. नाणं पाण्यात सोडा. वर निदान एक सेंटिमीटर पाणी, खाली तळापासून अंतर, बाजूंना भिंतीपासून अंतर. धागा पट्टीला अडकवा, हात काढा. आकडा स्थिर झाला की वाचा. नव्या आकड्यातून पायरी ४ चा आकडा वजा करा. जो फरक येतो, तो नाण्याने बाजूला सारलेल्या पाण्याचं वजन.

पाणी नाण्याला वर ढकलतं, तेवढ्याच जोराने नाणं पाण्याला खाली दाबतं, आणि तो दाब काटा वाचतो. नाण्याचं स्वतःचं वजन पट्टी पेलते. म्हणून नाणं तळाला टेकलं की आकडा एकदम फुगतो. चांदीच्या नाण्यासाठी हा फरक हवेतल्या वजनाच्या दहाव्या हिश्श्याहून थोडाच कमी असतो. सहाव्या-सातव्या हिश्श्याहून मोठा आला तर आधी तळ किंवा भिंत तपासा, मग नाण्यावर संशय घ्या.

६. नाणं बाहेर काढा, पुन्हा सोडा. असं पाच वेळा. दर वेळी ताटलीवरची छोटी वस्तू बदला, म्हणजे काटा दर वेळी वेगळ्या जागी पूर्णांक करेल आणि सरासरीला काही अर्थ राहील. तीच वस्तू ठेवून पाचदा मोजलं तर एकच चूक पाचदा मिळते.

७. पाण्याचं तापमान वाचा.

हिशेब

घनता = हवेतलं वजन × पाण्याची घनता ÷ पाण्यातला फरक

पाण्याची घनता १५ अंशांना ०.९९९१, २० ला ०.९९८२, २५ ला ०.९९७०, ३० ला ०.९९५७, ३५ ला ०.९९४०. पुण्याच्या थंडीत आणि नागपूरच्या मे महिन्यात मोजलेल्या एकाच नाण्याच्या घनतेत ही दुरुस्ती न केल्यास अर्धा टक्का तफावत पडू शकते.

समजा झिजलेला रुपया ११.५८ ग्रॅम भरला, पाण्यातला फरक १.१२, पाणी २८ अंशांना (घनता ०.९९६२). तर ११.५८ × ०.९९६२ ÷ १.१२ = १०.३०.

आता या आकड्याशी ताडून पाहायच्या घनता. शुद्ध धातू: सोनं १९.३२, शिसं ११.३४, चांदी १०.४९, तांबं ८.९६, निकेल ८.९०, लोखंड ७.८७, कथील ७.२९, जस्त ७.१४. चांदी-तांब्याच्या मिश्रणात ९२.५ टक्क्यांना १०.३६, ९१.७ ला १०.३४, ९० ला १०.३१, ८० ला १०.१४, ७० ला ९.९८, ६० ला ९.८२ आणि ५० ला ९.६६. हे आकडे सरळ सरासरीने येत नाहीत. वजनाचे भाग आपापल्या घनतेने भागून, म्हणजे आकारमानात बदलून, मग बेरीज करावी लागते. नेहमीची चूक इथेच होते: लोक १०.४९ आणि ८.९६ चं मधलं काढून ९.७२ म्हणतात आणि निम्म्या चांदीचं नाणं "कमी भरलं" म्हणून परत करतात.

टक्का थेट काढायचा असेल तर:

चांदीचे टक्के = (घनता − ८.९६) ÷ घनता × ६८५.६

वरच्या उदाहरणात (१०.३० − ८.९६) ÷ १०.३० × ६८५.६ = ८९.२ टक्के.

हे ९१.७ नाही म्हणून नाणं खोटं ठरवायची घाई करू नका.

आकड्यावर भरवसा किती

१.१२ हा आकडा काट्याने गोल केलेला आहे. खरा फरक १.११५ ते १.१२५ यांत कुठेही असू शकतो. तेवढ्यानेच घनता १०.३५ ते १०.२५ आणि चांदी ९२ ते ८६.५ टक्के अशी हलते. म्हणजे ०.०१ ग्रॅमच्या काट्यावर एका रुपयाचं खरं उत्तर "साधारण ८६ ते ९२ टक्के" एवढंच आहे. त्यातून ९१.७ ची चांदी आणि ५० ची चांदी वेगळी काढता येते, चांदी आणि मुलामा वेगळा काढता येतो. ९२.५ आणि ९० वेगळं काढता येत नाही, आणि कुणी काढून दाखवत असेल तर तो काट्यापेक्षा जिभेच्या जोरावर बोलतोय.

काट्याचं कॅलिब्रेशन थोडं चुकलं असेल तर? इथे नशीब चांगलं आहे. घनता हे दोन आकड्यांचं गुणोत्तर, आणि दोन्ही एकाच काट्यावरचे. काटा सगळंच अर्ध्या टक्क्याने जास्त दाखवत असेल तर वर-खाली कापलं जातं. काटा वेगवेगळ्या भाराला वेगवेगळं चुकत असेल, तरच अडचण. ते तपासायला रिकाम्या काट्यावर एक नाणं तोला, मग भरलेला ग्लास ठेवून टेअर करून तेच नाणं शेजारी तोला. आकडे जुळले की झालं.

भरवसा वाढवायचा सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे एकाच जातीची अनेक नाणी एकदम मोजणं. पावली २.९२ ग्रॅमची, एकटीचा फरक जेमतेम ०.२८ येतो, त्यात ०.०१ ची चूक म्हणजे घनतेत ०.३६ ची. मोजून उपयोग शून्य. दहा पावल्या एकत्र घेतल्या तर फरक २.८ च्या घरात जातो आणि चूक दहावा हिस्सा होते. तंगुसाची छोटी झोळी करा, ती रिकामी पाण्यात बुडवून काटा शून्य करा, मग नाणी पाण्याखालीच एकेक करून झोळीत टाका, म्हणजे चळतीच्या मध्ये हवा अडकणार नाही. तोटा एकच: दहांत एक खोटी असेल तर सरासरीत लपते. म्हणून दहाचा आकडा शंकास्पद आला तर पाच-पाचच्या दोन ढिगांत पुन्हा मोजा.

आधी तांब्यावर हात बसवा

नाणं मोजण्याआधी माहीत असलेल्या धातूवर पूर्ण कृती करून बघा. घराच्या वायरिंगची जाड, एकेरी तांब्याची तार वरचं प्लास्टिक सोलून १५-२० ग्रॅम घ्या, स्प्रिंगसारखी सैल गुंडाळा. घनता ८.९ ते ९.० आली पाहिजे. मोटरच्या वाइंडिंगची तार नको, तिच्यावर इनॅमलचा थर असतो. अनेक बारीक तारांची वळलेली वायर नको, तिच्या पोटात हवा राहते. ८.७ येत असेल तर जवळजवळ नक्की बुडबुडे. ९.२ येत असेल तर काटा शतांश गिळतोय किंवा तार पूर्ण बुडालेली नाही. हे दुरुस्त होईपर्यंत नाण्याला हात लावू नका.

बुडबुड्याचा हिशेब पाहा: तीन मिलिमीटर व्यासाचा एक बुडबुडा ०.०१४ घनसेंटिमीटर जागा घेतो. रुपयाचं सगळं आकारमान १.१३. त्या एका बुडबुड्याने १०.३४ चं १०.२१ होतं आणि ९१.७ टक्क्यांचा रुपया ८४ टक्क्यांचा दिसतो. म्हणून शंका आली की पाच मोजण्यांतली सगळ्यात जास्त घनता देणारी मोजणी सत्याच्या जास्त जवळ असते; बुडबुडा घनता वाढवू शकत नाही. उथळ ठशात, अक्षरांच्या खोबणीत आणि दातेरी कडेत तो लपतो. टॉर्च बाजूने मारली की चमकतो.

०.००१ ग्रॅमच्या काट्यावर आणखी दोन गोष्टी दिसू लागतात. एक, पाण्याचा पडदा धाग्याला धरून खाली-वर ओढतो, ०.१५ च्या तंगुसाला हा परिणाम तीनेक मिलिग्रॅमचा, साबणाच्या थेंबाने तो बराच कमी होतो. दोन, पाणी उडत असतं आणि आकडा मिनिटागणिक उतरत जातो. म्हणून अशा काट्यावर आधी नुसता धागा तेवढ्याच खोलीपर्यंत बुडवून शून्य करायचं आणि मोजणी पटकन उरकायची.

तिसरा धातू शिरला की

१९४०-४५ चा रुपया हा याचा घरचा नमुना. चांदी ५०, तांबं ४०, निकेल ५, जस्त ५: हिशेबाने घनता ९.५३. हाच आकडा वरच्या दोन धातूंच्या सूत्रात घातला की उत्तर येतं ४१ टक्के. नाणं खोटं नाही, कसही उतरलेला नाही; हलक्या जस्ताने घनता खाली ओढली आणि सूत्राने त्याचा दोष चांदीवर टाकला. या सालांच्या नाण्यांना सूत्र लावूच नका, थेट ९.५३ शी ताडा. (युद्धकाळात नकली नाण्यांना आळा घालायला या रुपयांच्या कडेवर दातऱ्यांमधून जाणारी खोबण दिली गेली, साल पुसट असेल तर ती खूण कामी येते, आणि बुडबुडे साचायची आवडती जागाही तीच.)

पूर्ण वजनाच्या, ११.६६ ग्रॅमच्या नाण्याला पाण्यातला फरक काय यावा, हे पाठच करून ठेवलं तर गणिताचीही गरज उरत नाही: ९१.७ च्या चांदीला १.१२, युद्धकाळातल्या चांदीला १.२२, क्युप्रोनिकेलला (तांबं-निकेलच्या मिश्रणाला) १.३०, जर्मन सिल्व्हरला १.३५ च्या आसपास.

१९३९ चा रुपया दुर्मीळ आणि महाग. १९४० च्या पुढच्या नाण्याचा आकडा कोरून कुणी तो १९३९ केला असेल, तर घनता लगेच चुगली करते: १०.३४ ऐवजी ९.५. पण साधे चांदीचे रुपये वितळवून त्याच चांदीत १९३९ ची नक्कल ओतली असेल, तर घनता तिला खुशाल पास करेल. धातू खरा, नाणं खोटं. तिथे ठसा, अक्षरांचं वळण आणि कड जाणणारी नजरच हवी.

दुसरी फसगत शिशाची. शिसं चांदीहून जड, कथील हलकं. ८३ भाग शिसं आणि १७ भाग कथील एकत्र केलं की घनता जवळपास १०.३४ येते. वजन जुळतं, आकार जुळतो, पाण्यातला आकडाही जुळतो. अशा वेळी जुनी रीतच कामाला येते: नाणं बोटाच्या टोकावर तोलून दुसऱ्या नाण्याने हलकेच टिचकी मारा. चांदी लांबवर झिणझिणत राहते, शिसं "थप्" करून गप्प होतं. खणखणीत नाणं हा शब्द उगाच पडलेला नाही. मात्र जुन्या खऱ्या नाण्याला चीर गेली असेल तर तेही बद्द वाजतं, तेव्हा नुसत्या आवाजावरही जाऊ नका.

सराफाकडच्या एक्सआरएफ (क्ष-किरणांनी धातू ओळखणाऱ्या) यंत्राशी याची तुलना करताना एक लक्षात घ्या. ते यंत्र पृष्ठभागाचे काही शतांश मिलिमीटरच काय ते वाचतं, पण प्रत्येक धातूचं नाव सांगतं. घनता नाव सांगत नाही, पण नाण्याच्या गाभ्यापर्यंत सगळं मोजते. तांबं जास्त असलेल्या जुन्या चांदीच्या नाण्यांत पृष्ठभागावरचं तांबं निघून जातं आणि वर चांदीचं प्रमाण वाढतं. अशा नाण्याला यंत्र ७० टक्के म्हणेल आणि घनता ५५ म्हणेल. दोघंही आपापल्या जागी खरी. नुसता मुलामाही असाच पकडला जातो: यंत्र शुद्ध चांदी म्हणतं, पाणी ८.७ म्हणतं.

वेगवेगळी नाणी

मराठवाड्यातल्या घरांत निजामाचा हाली शिक्का सापडतो. तो कलदार नव्हे: वजन ११.१८ ग्रॅम, चांदी ८१.८ टक्के, घनता १०.१७. पाण्यातला फरक १.०९ ते १.१०. तोच ९१.७ ची चांदी असता तर १.०८ आला असता. एक-दोन शतांशांचा खेळ आहे, म्हणून हाली शिक्के पाच-दहा एकत्र मोजल्याशिवाय मत देऊ नका. गोव्याचा १८८१-८२ चा पोर्तुगीज रुपिया मात्र वजनाने आणि कसाने कलदाराच्याच जोडीचा, त्याला वरचेच आकडे चालतात.

पेशवाईतले अंकुशी, चांदोरी वगैरे रुपये टाकसाळीगणिक वेगळ्या कसाचे. म्हणूनच तर त्यांच्यावर बट्टा लागायचा, म्हणजे बदलून घेताना किंमत कापली जायची. इथे ताडून पाहायला एक ठरलेला आकडा नाही. घनता जी येईल तिला चांदी-तांब्याचं सूत्र लावा आणि उत्तर "सुमारे" म्हणूनच वाचा.

शिवराईला ही रीत जवळपास निरुपयोगी. शिवराई तांब्याची, हे माहीतच आहे. आणि जमिनीत राहिलेल्या नाण्यावर कळंक चढलेला असतो. तांब्याचा तांबडा गंज ६ च्या आसपास घनतेचा, हिरवा ४ च्या. त्यामुळे अस्सल शिवराईसुद्धा ८.५ किंवा त्याहून कमी दाखवते. शिवाय सच्छिद्र थरातून मोजताना हवा सुटत राहते. तिचा खरेखोटेपणा अक्षरांवरून बघावा.

१९६९ चं गांधी शताब्दीचं दहा रुपयांचं नाणं १५ ग्रॅमचं, ८० टक्के चांदीचं: घनता १०.१४, फरक १.४७. १९७२ चं स्वातंत्र्याच्या पंचविशीचं दहा रुपयांचं नाणं २२.५ ग्रॅमचं, निम्म्या चांदीचं. वजनदार असल्यामुळे ही दोन्ही छान मोजली जातात, हात बसवायला चांगली.

धनत्रयोदशीला घेतलेलं लक्ष्मीचं दहा ग्रॅमचं नाणं ९९९ ची चांदी असेल तर पाण्यातला फरक ०.९५ यायला हवा. मुलाम्याखाली तांबं असेल तर १.११. या दोन आकड्यांत इतकं अंतर आहे की नवख्याच्या हातूनही चूक होत नाही. प्लास्टिकच्या सीलबंद पाकिटासकट मात्र मोजता येत नाही. पाकीट फोडायचं की नाही ते आधी ठरवा.

सोन्याचं थोडं वेगळं. २२ कॅरेटमध्ये हीण तांब्याचं असेल तर घनता १७.६, चांदीचं असेल तर १८.०५, दोन्ही बावीसच. त्यामुळे दागिन्यांच्या सोन्याला नेमका टक्का लावता येत नाही. सॉव्हरिनमध्ये (ब्रिटिशांच्या सोन्याच्या नाण्यात) हीण तांब्याचं, म्हणून तिथे सूत्र चालतं: (घनता − ८.९६) ÷ घनता × १८६.५. पण ७.९९ ग्रॅमच्या सॉव्हरिनचा पाण्यातला फरक फक्त ०.४५. शतांशाच्या काट्यावर घनता १७.२ ते १८ अशी कुठेही येईल. १९१८ मध्ये मुंबईच्या टाकसाळीत पाडलेली सॉव्हरिन आणि त्याच वर्षाची पंधरा रुपयांची मोहोर, दोन्हींचं वजन आणि कस एकच, त्यामुळे ताडायचे आकडेही तेच. पुतळी म्हणजे मूळ व्हेनिसचा डुकाट, साडेतीन ग्रॅमचा आणि जवळजवळ बावनकशी. तिचा फरक ०.१८. एका शतांशाची चूक म्हणजे घनतेत पूर्ण एकाची चूक. पुतळी ०.००१ च्या काट्यावरच मोजा आणि तीही सुटी, कडी नसलेली. टंगस्टनची घनता १९.२५ आहे हेही ध्यानात ठेवा: शुद्ध सोन्याच्या वळ्याच्या पोटात ते भरलं असेल तर पाण्याला कळणार नाही.

प्रत्येक नाण्यासाठी वहीत पाच गोष्टी लिहा: हवेतलं वजन, पाण्यातले पाचही आकडे (नुसती सरासरी नव्हे), तापमान, काटा कोणता, आणि नाण्यावर कडी, भोक, गंज काय होतं ते. मोजून झाल्यावर नाणं टिपून तासभर उघड्यावर वाळू द्या. ओलसर नाणं प्लास्टिकच्या पाकिटात गेलं तर काही महिन्यांत त्यावर काळे ठिपके उठतात, आणि ते मग कशानेही जात नाहीत.